हुंडी, मनिऑर्डर आणि बँक : दूरदेशीच्या पैशाची कहाणी



महिन्याचा पहिला आठवडा आला की आपल्या समाजातील पुष्कळ घरांत एकच प्रश्न विचारला जातो, "पैसे आले का?" कुणाचा मुलगा दुबईत असतो, कुणाचे वडील रियाधला, कुणाचा भाऊ मस्कतला. अलीकडे याच्या उलटही घडू लागले आहे. मुलगा किंवा मुलगी शिक्षणासाठी परदेशी जाते आणि बाप सोलापुरातून तिकडच्या खात्यात पैसे भरतो. पैसा समुद्र ओलांडून येतो आणि जातो. पण तो कसा ओलांडतो, याचा विचार आपण सहसा करीत नाही. पैसे आले की समाधान, न आले की काळजी, एवढ्यावरच आपण थांबतो.

प्रस्तुत लेखात या प्रवासाचा इतिहास थोडक्यात सांगावयाचा आहे. हा इतिहास केवळ सावकारांचा आणि बँकांचा नाही. तो आपल्या घरांचा आहे, आपल्या गावाचा आहे, आणि शाळेशीही त्याचे जवळचे नाते आहे. आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्या. पैसा स्वतः प्रवास करीत नाही. प्रवास करतो तो कागद. कागदावर लिहिलेले नाव, रक्कम आणि कोणीतरी दिलेला शब्द, एवढेच एका गावाहून दुसऱ्या गावी जाते. तो कागद ज्याला वाचता येतो त्याच्या हाती पैसा पुरा पडतो. ज्याला वाचता येत नाही त्याला दुसऱ्याच्या इमानावर विसंबून राहावे लागते.

अमानत आणि लेखणी

विश्वासाने पैसा सांभाळणे याला आपल्या धर्मात फार मोठे स्थान आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांना मक्केचे लोक 'अल-अमीन' म्हणजे विश्वासू म्हणत आणि आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवीत. सन ६२२ मध्ये मदिनेस हिजरत करताना त्या अमानती ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अली यांना मागे ठेवले, ही हकीकत आपल्या मुलांना तोंडपाठ असते. परंतु त्याच्याच जोडीची दुसरी गोष्ट आपण कमी सांगतो. कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत ही नमाज-रोजाविषयी नसून हिशेबाविषयी आहे. सूरह बकरातील २८२ व्या आयतीत मुदतीच्या कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत आणि रक्कम लहान असो वा मोठी, लिहिण्याचा कंटाळा करू नये, असा आदेश आहे. म्हणजे विश्वास हवाच, पण त्याच्या जोडीला लेखणीही हवी.

याच शिकवणुकीतून अरबी व्यापाऱ्यांनी पैसे पाठविण्याची एक युक्ती रूढ केली. तिला 'सुफ्तजा' म्हणत. मक्केत अब्दुल्ला इब्न जुबैर लोकांकडून दिरहम घेत आणि इराकमध्ये असलेल्या आपला भाऊ मुसअब याच्या नावे पत्र लिहून देत. ते पत्र दाखवून लोक इराकमध्ये पैसे घेत, असे फिकहच्या ग्रंथांत नमूद आहे. ही सातव्या शतकातील गोष्ट. वाळवंटात लुटारूंचे भय असे. थैली लुटता येई, पण पत्र लुटून उपयोग नसे. अकराव्या शतकात इराणी प्रवासी नासिर खुस्रो मिसरमधून हजला निघाला असता अस्वानच्या एका मित्राने त्याला तांबड्या समुद्रावरील ऐजाब बंदरातील आपल्या मुनीमाच्या नावे पत्र दिले : या माणसाला लागेल ते द्या आणि पावती घ्या. परक्या बंदरात हातात पैसा नसताना त्या पत्रावर त्याचे काम भागले.

'हवाला' हा शब्दही याच काळचा. एकाचे देणे दुसऱ्यावर सोपविणे, असा त्याचा अर्थ. आज तो शब्द कानावर पडला की पोलीस आठवतात. पण आपल्या मराठीत एखाद्याच्या हवाली करणे, आधाराला हवाला देणे, हे प्रयोग आपण नित्य करतो, आणि फौजेतला हवालदारही त्याच शब्दातून आला आहे. शब्द इमानाचा होता. त्याला वाईट दिवस का आले, ते पुढे पाहू.

हुंडी

आपल्या देशात हेच काम हुंडीने केले. समजा, सोलापूरच्या व्यापाऱ्याला मुंबईस एक हजार रुपये पाठवावयाचे आहेत. तो येथील सराफाकडे हजार रुपये आणि वर थोडी हुंडणावळ भरतो. सराफ मुंबईच्या आपल्या आडत्याच्या नावे हुंडी लिहून देतो. ती हुंडी मुंबईस पोहोचली की आडत्या पैसे देतो. रुपयांची थैली मात्र जागची हललेली नसते. कारण दुसऱ्या कोणी मुंबईहून सोलापूरला कापसाचे पैसे पाठविलेले असतात. दोन्ही सराफ आपापल्या वह्यांत जमा-खर्च मांडतात आणि जो फरक उरेल तेवढाच केव्हातरी चुकता करतात.

हुंडीचे प्रकार अनेक. दाखविताच पैसे मिळणारी ती दर्शनी. ठरलेल्या दिवसांनंतर पैसे मिळणारी ती मुदती. जिचे पैसे बाजारातील प्रतिष्ठित माणसालाच द्यावयाचे ती शहाजोग. आज आपण एखाद्याच्या साळसूदपणाच्या सोंगाला शहाजोगपणा म्हणतो. मुळात तो शब्द बाजारातल्या पतीचा होता. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत देत, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर परपेठ.

विद्यार्थी मित्रांनो, हुंडीतील रक्कम कशी लिहीत ते मुद्दाम पाहा. रुपये शंभर, त्याचे निमे पन्नास, त्याची दुप्पट शंभर, अशा तऱ्हेने ती फिरवून लिहीत. हेतू हा की, कोणी एखादे शून्य वाढविले तर निम्म्याचा आकडा जुळू नये आणि लबाडी उघडी पडावी. त्या जुन्या मुनीमांनी केलेली ही गणिती तजवीज लक्षात ठेवा. तिची आठवण आपल्याला पुढे पुन्हा होणार आहे.

परंतु या व्यवस्थेला एक मर्यादा होती. हुंडी ही व्यापाऱ्यांची सोय होती. गिरणीतल्या कामगाराने आपल्या आईला पाच रुपये पाठवावेत, यासाठी सराफाच्या पेढीवर जागा नव्हती.

हाली आणि कलदार

येथे सोलापूरची गोष्ट येते. १८६० च्या सुमारास आपल्या शहरी रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाली. हातमाग तर त्याआधीपासूनच होते. विणकरांत पद्मशाली होते, मोमीन होते. कामाच्या शोधात तेलंगणातून आणि आसपासच्या मुलखातून कुटुंबेच्या कुटुंबे येथे आली. आज आपण परदेशी गेलेल्या माणसाच्या पैशाची वाट पाहतो. त्या काळी सोलापूर हेच अनेकांचे परदेश होते, आणि येथून जाणाऱ्या पैशाची कुठल्यातरी गावी वाट पाहिली जात होती.

परदेश हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. सोलापूर जिल्हा ब्रिटिश मुलखात होता, आणि येथून अवघ्या चाळीस-पन्नास किलोमीटरांवरील तुळजापूर व नळदुर्ग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. संस्थानाचे टपाल निराळे, तिकिटे निराळी आणि नाणेही निराळे. ब्रिटिश रुपयाला 'कलदार' म्हणत आणि निजामाच्या रुपयाला 'हाली सिक्का'. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, असा त्यांचा मेळ होता. म्हणजे येथल्या माणसाने कमावलेल्या शंभर कलदारांचे सीमेपलीकडे एकशे सोळा हाली रुपये आणि वर दहा-अकरा आणे व्हावयास हवेत. आता ज्याला त्रैराशिक येत असेल तो हे पैसे मोजून घेईल. ज्याला येत नसेल त्याला बदलून देणाऱ्याने एकशे दहा दिले तरी ते एकशे दहा शंभरापेक्षा जास्तच दिसणार, आणि तो खूश होऊनच घरी जाणार! फसवणुकीत फायद्याचा भास होणे, ही नाणेबदलातली जुनीच गोम आहे, आणि ती आजही गेलेली नाही.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५० पासून तेथे भारतीय रुपया आला, १९५१ मध्ये हाली सिक्का काढणे थांबले आणि १९५९ मध्ये तो पूर्णपणे चलनातून गेला. सोलापूरच्या दारातली ही आंतरराष्ट्रीय हुंडणावळ तेव्हा संपली.

मनिऑर्डर

गरिबाच्या पाच रुपयांना प्रवासाची वाट करून दिली ती टपालखात्याने. १ जानेवारी १८८० पासून आपल्या देशात टपालखात्याची मनिऑर्डर सुरू झाली. त्यापूर्वी हे काम सरकारी खजिन्यांमार्फत चाले आणि ते सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हते. मनिऑर्डरीने सराफाच्या पतीची जागा सरकारच्या पतीने घेतली. पोस्टमन दारात येऊन पैसे मोजून देऊ लागला. फॉर्मच्या खालच्या भागात दोन ओळी लिहिण्यास जागा असे. तेथे खुशाली, ईदची मुबारकबाद, बहिणीच्या लग्नाची चौकशी लिहिली जाई. कोकणातील रत्नागिरी जिल्हा तर मुंबईच्या मनिऑर्डरीवर चालतो, असे म्हटले जाई.

परंतु त्या फॉर्मवर सहीसाठी जी जागा होती तेथे बहुतेक वेळा अंगठा उमटे. १९५१ च्या जनगणनेत आपल्या देशात साक्षरतेचे प्रमाण १८.३३ टक्के होते. शंभरातील ब्याऐंशी माणसांना आपल्या नावे आलेला कागद वाचता येत नव्हता. अंगठा घेताना साक्षीदार लागे. रक्कम किती हे दुसऱ्याने सांगायचे, मजकूर दुसऱ्याने वाचायचा, उत्तरही दुसऱ्यानेच लिहायचे. घरातील मोठेपणाच्या, अडचणीच्या, आजाराच्या गोष्टी गल्लीला आधी कळत आणि घराला मागाहून. पोस्टमन बहुधा प्रामाणिक असे, शेजारीही प्रामाणिक असे. परंतु आपल्या घराचा हिशेब दुसऱ्याच्या प्रामाणिकपणावर चालावा, ही काही मानाची गोष्ट नव्हती. ज्या घरात एक तरी मूल शाळेत जात असे, त्या घरातील आईला हा मिंधेपणा नव्हता. कागदी मनिऑर्डरीचा तो फॉर्म २०१५ मध्ये इतिहासजमा झाला. पण तो ज्यांनी पाहिला त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

लंडनमधील विद्यार्थ्याचे रुपये

आता येथून परदेशी जाणाऱ्या पैशाकडे वळू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याचे सयाजीराव महाराज यांच्या शिष्यवृत्तीवर : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. याच काळात रुपयाच्या हुंडणावळीत फार मोठी उलथापालथ झाली. १९२० च्या आरंभी एका रुपयास सुमारे दोन शिलिंग दहा पेन्स मिळत; १९२१ मध्ये तोच भाव एक शिलिंग तीन-चार पेन्सवर आला. म्हणजे येथून निघालेल्या ज्या शंभर रुपयांचे लंडनमध्ये सुमारे चौदा पौंड होत होते, त्यांचे वर्षभरात साडेसहा पौंडांच्या आसपास होऊ लागले. रुपयांवर शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे घरभाडे तेच, फी तीच, आणि हाती येणारे पौंड मात्र निम्म्याहून कमी!

ज्या प्रश्नाची झळ परदेशी शिकणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला लागत होती, त्याच प्रश्नावर बाबासाहेबांनी प्रबंध लिहिला. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हे त्यांचे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच विषयावर लंडन विद्यापीठाने त्यांना डी.एस्‌सी. ही पदवी दिली. रुपयाचा भाव का घसरतो, असे बाकीचे लोक कुरकुरत विचारीत राहिले. त्यांनी त्याचे उत्तर शोधले. आपल्या मुलांनी घ्यावा असा हा धडा आहे.

आखातातला रुपया

आजच्या तरुणांना सांगून खरे वाटणार नाही, परंतु एके काळी कुवेत, बहरीन, कतार, दुबई आणि मस्कत येथे भारतीय रुपयाच चालत असे. तेथे मिळालेला पगार घरी पाठवताना भावाचा प्रश्नच नसे. रुपया तेथेही रुपया आणि येथेही रुपया. पुढे सोन्याच्या चोरट्या व्यापारासाठी रुपयांच्या नोटा आखातात नेल्या जाऊ लागल्या. तेथून त्या रिझर्व्ह बँकेकडे परत येत आणि त्यांच्या बदल्यात देशाला परकीय चलन मोजावे लागे. हे थांबविण्यासाठी १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातापुरत्या निराळ्या नोटा काढल्या. त्यांच्या क्रमांकाआधी 'झेड' अक्षर असे. त्याच वेळी हजयात्रेकरूंसाठीही दहा व शंभर रुपयांच्या खास नोटा निघाल्या, त्यांवर 'हज' असा शब्द छापलेला असे. आपल्यापैकी कोणाच्या घरी आजोबांच्या पेटीत अशी नोट असेल तर ती जपून ठेवावी. तो इतिहासाचा पुरावा आहे.

कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये आपला दिनार सुरू केला. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे अवमूल्यन केले. डॉलरचा भाव ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपये झाला. तेव्हा कतार आणि दुबई यांनीही रुपया सोडला. शेवटी १९७० मध्ये ओमाननेही सोडला. १९७३ मध्ये तेलाच्या किमती चौपट झाल्या आणि आखातात गवंडी, सुतार, वायरमन, ड्रायव्हर, नर्स, कारकून अशा हजारो माणसांची गरज निर्माण झाली. आपली माणसे तेथे गेली ती याच लाटेत.

हवाल्याचे वाईट दिवस

याच सुमारास हवाला बदनाम झाला. १९७३ चा परकीय चलन नियमन कायदा १ जानेवारी १९७४ पासून अमलात आला. डॉलर-दिरहमचा सरकारी भाव बांधलेला होता आणि चोरबाजारातला भाव त्याहून जास्त होता. बँकेतून पाठविले तर कमी रुपये, हवाल्याने पाठविले तर जास्त, आणि तेही दारात! कामगार मोहात पडला यात नवल नाही. परंतु तो चार रुपये जास्त मिळवीत असता देशाचे परकीय चलन बुडत होते, आणि त्याच वाटेने चोरीचा व गुन्ह्याचा पैसाही फिरत होता. मार्च १९९३ मध्ये रुपयाचा भाव बाजारावर सोपविण्यात आला आणि या दोन भावांतील मोठे अंतर मिटले. पुढे जुना कायदा जाऊन १९९९ चा 'फेमा' कायदा १ जून २००० पासून लागू झाला. अनधिकृत मार्गाने असे पैसे घेणे-देणे हा या कायद्याचाही भंग आहे आणि त्याबद्दल रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याची भीती बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरतेच. हवाल्याला कागद नसतो. पैसे बुडाले तर दाद मागावयास पुरावा नाही. मुलाच्या शिक्षणासाठी बँकेचे कर्ज हवे असेल तर 'माझा बाप दहा वर्षे परदेशातून पैसे पाठवीत होता' हे सांगण्यास पासबुकात एक ओळ नाही. जुन्या सराफाच्या वहीत निदान नोंद असे. लेखणी सोडलेला विश्वास तो हाच.

कागदाची खरी किंमत १९९० मध्ये दिसली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये इराकने कुवेत गिळले आणि तेथील सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. अनेकजण अंगावरच्या कपड्यांनिशी आले. पुढे १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी नुकसानभरपाई आयोग नेमला. कुवेत सोडावे लागलेल्या एकट्या माणसाला अडीच हजार डॉलर, आणि दुसरा कोणताही दावा न केल्यास चार हजार डॉलर, अशी ठरावीक भरपाई होती. त्यासाठी मोठे कज्जेदलाल लागत नव्हते. आपण तेथे होतो आणि तेथून निघालो, हे दाखविणारा साधा कागद लागत होता. ज्याने पळापळीतही पासपोर्ट आणि चिठ्ठ्याचपाट्या सांभाळल्या त्याचे काम सोपे झाले.

आजचा कागद

आता कागद डोळ्यांना दिसत नाही, पण तो नाहीसा झालेला नाही. १९७३ मध्ये पंधरा देशांतील २३९ बँकांनी बेल्जियममध्ये 'स्विफ्ट' नावाची संस्था स्थापन केली आणि १९७७ पासून तिचे काम सुरू झाले. ही संस्था पैसे पाठवीत नाही; ती बँकांचे निरोप पाठविते. दुबईची बँक येथल्या बँकेस कळविते : अमक्या माणसाला इतके रुपये द्या, आपला हिशेब आपल्या परस्परांच्या खात्यांतून मिटेल. म्हणजे मक्केहून इराकला जाणारे ते पत्रच विजेच्या वेगाने जाते आहे!

आपल्या देशातील खात्यासाठी खाते क्रमांक आणि बँकेच्या शाखेचा अकरा अक्षरांचा आय.एफ.एस. कोड लागतो. परदेशातील खात्यात पैसे पाठवावयाचे असतील तर अनेक देशांत 'आयबॅन' हा लांबलचक क्रमांक लागतो : संयुक्त अरब अमिरातीत तो २३ अक्षरांचा, सौदी अरबस्तानात २४, कुवेतमध्ये ३०. त्यातील दोन आकडे हे निव्वळ पडताळ्यासाठी असतात. बाकीच्या आकड्यांत चूक झाली की गणित जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारते. हुंडीतील 'निमे पन्नास, दुप्पट शंभर' आठवले का? तीच ही युक्ती. आपल्याकडे मात्र आयबॅन नाही. म्हणून येथील खाते क्रमांक कळविताना तो दोनदा वाचून, दुसऱ्याकडून पडताळून मगच कळवावा.

येथून परदेशी पैसे पाठविण्याची मुभा आता सामान्य माणसालाही आहे. रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये अशी योजना सुरू केली तेव्हा वर्षाला २५ हजार डॉलरची मर्यादा होती; २०१५ पासून ती अडीच लाख डॉलर झाली. मुलीची फी तिच्या विद्यापीठाच्या खात्यात सोलापुरातील बँकेतून भरता येते. पॅन क्रमांक आणि पैसे कशासाठी पाठवीत आहोत याची नोंद मात्र लागते.

खर्चाचेही एक सांगतो. पाठविणारी कंपनी 'फी नाही' असे म्हणते तेव्हा ती भावात कापते. म्हणून फी किती हे न विचारता, 'हजार दिरहम दिले तर माझ्या घरी नेमके किती रुपये पोहोचतील?' एवढेच दोन-तीन ठिकाणी विचारावे. हा कापण्याचा खर्च २०३० पर्यंत तीन टक्क्यांच्या खाली यावा, असे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठेवले आहे. हाली-कलदारचे गणित न येणाऱ्या माणसाचे जे होत होते तेच येथेही होते.

या पैशाचे प्रमाण लहान नाही. २०२२ मध्ये परदेशस्थ भारतीयांनी १११ अब्ज डॉलर मायदेशी पाठविले. एका वर्षात शंभर अब्जांचा टप्पा ओलांडणारा भारत हा पहिला देश ठरला. रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीत या पैशातील महाराष्ट्राचा वाटा २०.५ टक्के म्हणजे सर्व राज्यांत अधिक आहे, आणि केरळचा १९.७. याच पाहणीतील दुसरी गोष्ट पालकांनी मनावर घ्यावी. भारतात येणाऱ्या पैशात देशनिहाय पाहता आता पहिला क्रमांक अमिरातींचा नसून अमेरिकेचा आहे. तिचा वाटा २७.७ टक्के आणि अमिरातींचा १९.२. अंगमेहनतीच्या कमाईपेक्षा शिकलेल्या हातांची कमाई पुढे गेली आहे, असाच याचा अर्थ आहे.

शाळेचे रजिस्टर

आता लेखाच्या आरंभी म्हटलेल्या शाळेच्या नात्याविषयी. परदेशातून आलेले पैसे अडतात त्याचे एक अगदी साधे कारण असते : नाव जुळत नाही. आपल्याकडे शेख हे आडनाव इंग्रजीत तीन-चार तऱ्हांनी लिहितात. महंमद कधी पूर्ण, कधी तोडून. दाखल्यात आधी आडनाव, आधारकार्डावर शेवटी, पासपोर्टात वडिलांचे नाव मधे आणि बँकेत ते गाळलेले. पाठविणाऱ्याने फॉर्मवर चौथेच नाव लिहिले की बँक विचारते, हा माणूस कोण?

पालकहो, माणसाचे नाव कागदावर पक्के होते ते बहुधा शाळेच्या जनरल रजिस्टरात. त्यावरून शाळा सोडल्याचा दाखला, दाखल्यावरून पासपोर्ट, पासपोर्टवरून व्हिसा आणि बँक. म्हणून दाखल करताना घाईने 'लिहा तुम्हीच काहीतरी' असे म्हणू नका. जन्माचा दाखला बरोबर आणा, इंग्रजी अक्षरे एकेक करून पाहा, जन्मतारीख पाहा, आणि मगच सही करा. चूक आढळली तर ती मूल शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या; नंतर तिचा त्रास फार. आपल्या मुलाच्या आयुष्यातील पहिली हुंडी त्या रजिस्टरात लिहिली जाते असे समजा.

दुसरे मागणे भगिनींसाठी. घरधनी परदेशी असताना घर चालविते ती बाईच. मग खाते तिच्या नावे असावे, पासबुक तिने वाचावे, आणि फोनवर आलेला गुप्त क्रमांक कोणालाही सांगावयाचा नसतो हे तिला ठाऊक असावे. पुतण्याने, शेजाऱ्याने, दुकानदाराने पैसे काढून आणून द्यावेत, हा अंगठ्याचाच जमाना झाला. मुलगी सातवी-आठवीत असेल तर तिला आईबरोबर बँकेत पाठवा. शाळेत शिकलेले टक्केवारीचे गणित तिला तेथे उपयोगी पडलेले दिसेल.

आणि तिसरे मागणे विद्यार्थ्यांसाठी. घरी पैसे येतात त्या प्रत्येक महिन्याची नोंद एका वहीत ठेवा : तारीख, तिकडची रक्कम, भाव, इकडे जमा झालेले रुपये आणि खर्च. वर्षाअखेर ती वही वडिलांना दाखवा. पन्नास अंश उन्हात उभे राहून त्यांनी कमावलेल्या पैशाचे काय झाले, हे त्यांना त्यात दिसले पाहिजे. घराची फरशी, लग्नाचा मंडप, मोटारसायकल हे सर्व त्यात असेलच. परंतु पुस्तके, फी आणि वसतिगृह यांची ओळही त्या वहीत असली पाहिजे, आणि ती दरवर्षी थोडी लांब झाली पाहिजे. फरशी झिजते, मंडप दुसऱ्या दिवशी उतरतो. शिकलेल्या मुलाला मात्र आपल्या नावे आलेला कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागत नाही. आपल्या वाडवडिलांनी परमुलखात घाम गाळला तो आपल्याला अंगठ्याकडून सहीकडे नेण्यासाठी. ही सही वाया जाऊ देऊ नका, एवढीच विनंती.